नायकांचा एक डोळा

नायकांना वाचता येत नव्हतं, पण कागद ऐकावा तर त्यांनीच. दिग्रसच्या आमच्या ओसरीवर खुर्ची बाजूला सारून ते भिंतीला पाठ लावून बसत, पागोटं मांडीवर ठेवत आणि डोळे मिटून घेत. वाचणाऱ्यानं एखादी ओळ गाळली की एक डोळा उघडे. "काय खाल्लं, भाऊ?" ते विचारत. त्यांना कसं कळायचं कोण जाणे! माझ्या वडिलांचा जन्म कचेरीत गेलेला, त्यामुळे कागदातलं काय ते आम्हालाच कळतं, असा माझा तोरा होता. नायकांनी तो पहिल्याच भेटीत उतरवला.

ते जवळच्या तांड्याचे नायक, म्हणजे प्रमुख. त्यांच्या वाडवडिलांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथा घातला होता. नायकांकडे बैलांच्या जागी एक ट्रक होता आणि त्याला मागे जोडायचा ट्रेलर. मी नवा विमा एजंट, आणि तांड्यातलं माझं पहिलं गिऱ्हाईक ते. माझ्या आईला ते 'याडी' म्हणत. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. वयानं ती त्यांच्याहून लहान, तरी खूश व्हायची आणि चहात साखर जास्त घालायची.

विमा निवडायला त्यांनी दोन दिवस घेतले. बाकीचे मालक ट्रकचा विमा काढून मोकळे होत, ट्रेलरचं नाव काढलं की विषय बदलत. नायक म्हणाले, "ट्रेलरचा बी काढा. पुढच्या बैलाले ढेप अन् मागचा उपाशी, असं आपल्यात नाही चालत." नुसता दुसऱ्याच्या नुकसानीपुरता विमा स्वस्त पडेल, असं मी सुचवलं. "दुसऱ्याचं तं भरूच. पण आपलाच ट्रेलर मोडला, तं तांड्याचा कापूस बाजारात कोण नेईन?" मग दोन्हींचा पूर्ण विमा ठरला.

फॉर्ममध्ये एक रकाना होता: माल स्वतःचा नेणार की लोकांचा? तो मी वाचून दाखवलाच नाही. नुसतं विचारलं, "भाडं घेता का?"

"तांड्याकडून भाडं? असं कोणी घेते काय!" नायक हसले. ज्याचा कापूस त्यानं थोडं डिझेल टाकायचं आणि गाडी भरायला हात लावायचा, अशी त्यांची रीत. भाडं नाही म्हणजे माल घरचाच, असं धरून मी 'स्वतःचा माल' यावर खूण केली. हप्ताही कमी आला. आपल्या हुशारीवर मी खूश होतो, तेवढ्यात नायकांचा एक डोळा उघडला.

"सारं वाचलं ना?"

"सारं," मी म्हणालो.

ती वर्षं कापसाला वाईट होती. बोंडात अळी आणि बाजारात पडलेला भाव, त्यामुळे गाडीभाडं वाचलं तरी घराला आधार वाटे. नेरच्या बाजारात चार पैसे जास्त मिळतात असं कळलं आणि नायक तांड्यातल्या सतरा घरांचा कापूस घेऊन निघाले. एका वळणावर ट्रेलर उलटला. माणसं वाचली, कापूसही बराचसा गोळा झाला, पण ट्रेलर पार वाकला.

कंपनीचा सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासणारा माणूस, येणार म्हटल्यावर मला तो रकाना आठवला: 'स्वतःचा माल' लिहून लोकांचा माल नेला, तर भरपाई मिळत नाही. मी आधी तांड्यावर पळालो. "सगळा कापूस माझाच आहे, एवढंच सांगा. भरपाई मिळेल," मी नायकांना विनवलं.

"सतरा घरचा कापूस माया म्हणू? अन् तेही ह्या साली? लोकं मले नायक म्हणतात, भाऊ."

सर्व्हेअरनं विचारलं तेव्हा त्यांनी सतराही घरांची नावं न अडखळता सांगितली. भरपाई नामंजूर झाली.

मग मी सगळ्या तांड्यासमोर उभा राहिलो आणि सांगून टाकलं, की रकाना मी वाचला नव्हता, चूक माझी आहे. लाजेनं मान वर होत नव्हती. "नायक, दुसरा एजंट पाहा," कोणीतरी ओरडलं.

"कायले?" नायक म्हणाले. "याची चूक होऊन गेली. आता हा फारम दोनदा वाचीन. नव्याची चूक तं अजून व्हायचीच हाय!" सगळे हसले. मला मात्र रडू आलं. पुढे सतरा घरांनी मिळून ट्रेलर सरळ करून घेतला, आणि पुढच्या वेचणीला तो पुन्हा ट्रकमागे धावू लागला.

त्यानंतर दरवर्षी नायक येत आणि मी फॉर्म दोनदा वाचत असे. दुसऱ्या खेपेला डोळा कधीच उघडला नाही. मला वाटे, बिचारे माझी लाज राखतात.

नायक गेले त्या वर्षी त्यांची लेक कागद घेऊन आली. ती शिकलेली, आता गाडीचा कारभार तीच पाहते. फॉर्म एकदा वाचून झाला तशी तिनं सहीसाठी पेन काढलं.

"थांब बाई, अजून एकदा वाचायचाय," मी म्हणालो.

ती हसली. "बाबा सांगत, दुसऱ्या खेपेला मले खरंच झोप लागते. म्हणत, त्या माणसाच्या ओसरीवर आता बिनघोर झोपता येते."

मी पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. दोन ओळींनंतर चष्मा पुसावा लागला.