गेला युरोप सोलापूरला

धडा कुठलाही असो, आप्पांची उजळणी अथेन्सपासूनच सुरू व्हायची. दौंड स्टेशनच्या पार्सल ऑफिसात ते कारकून होते, आणि नोकरी सांभाळून बाहेरून इतिहासात एम.ए. झाले होते. बी.ए.ला मध्ययुगीन युरोपच्या पेपरात माझी दोनदा दांडी उडाली होती. वडिलांनी बजावलं होतं, "तिसऱ्यांदा गचकलीस तर पुस्तकं रद्दीत आन् तू सासरी." म्हणून दर रविवारी वरवंडहून एस.टी.ने येऊन मी पार्सल ऑफिसातच आप्पांपुढे शिकवणीला बसायची.

पार्सलावर नंबर घालायच्या खडूने ते हाताला येईल त्या खोक्यावर युरोपचा नकाशा काढत. आधी ग्रीस, मग रोमचे रस्ते, मग रोमवर चालून आलेल्या टोळ्या. तिथवर येईपर्यंत दोनदा चहा व्हायचा आणि माझा धीर सुटायचा.

"आप्पा, परीक्षेला अथेन्स न्हाई."

"परीक्षेला नसंल, पर मुळाला हाय. मूळ बघितल्याबिगर झाड कळतं व्हय?"

एकदा कशीबशी आमची गाडी सरंजामशाहीपर्यंत आली. राजाने सरदाराला जमीन दिली, सरदाराने ती जमिनीला जखडलेल्या भूदासांकडून फुकटात कसून घेतली, एवढं सांगून खडू थांबला. तेवढ्यात हमालाने ते खोकं उचललं आणि पॅसेंजरच्या डब्यात चढवलं. आप्पा गाडीकडे बघत शांतपणे म्हणाले, "गेला युरोप सोलापूरला. चल, परत अथेन्सपासनं."

हमाल हसला. मला रडू आलं. परीक्षा तीन आठवड्यांवर होती.

खोकं गेलं नसतं तरी तेच झालं असतं, हे पुढच्या रविवारी कळलं. भूदास आला की आप्पा पुस्तक मिटायचे. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच झालं, तेव्हा माझा तोल गेला. "तुम्हाला तो धडा येत न्हाई, आप्पा. सरळ सांगा की तसं."

ते रागावले नाहीत. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"माझ्या बापानं गावाची वेठ केली. सरकारी टपाल घिऊन या गावनं त्या गावाला पळायचा, आन् मिळायची शिळी भाकर. भूदास वाचाया लागलो की बाप दिसतो. मग वाटतं, हे सुरू कुठं झालं ते आधी सापडू दे. रोममधी बघतो, तर गुलाम. अथेन्सात बघतो, तर तिथंबी गुलाम. लोकशाही म्हंत्यात, आन् गुलामाला मत न्हाई." मग चष्मा परत डोळ्यांवर चढवून म्हणाले, "सापडत न्हाई बघ."

खरं सांगायचं तर माझा राग तेव्हाही गेला नाही. त्यांच्या वडिलांची वेठ खरी होती, तसा माझा पेपरही खरा होता. जाताना मी स्टँडवरच्या दुकानातून गाईड घेतलं आणि भूदासांवरचे सात मुद्दे घोकले. नेमका तोच प्रश्न आला. मी पास झाले.

पेढे घेऊन गेले, तर आप्पांनी आधी विचारलं, "भूदासावर काय लिवलंस?"

"गाईडमधले सात मुद्दे."

"सुरुवात कुठं झाली, ते हुतं का त्यात?"

"न्हाई, आप्पा."

"बरं. पास झालीस न्हवं." पेढा तोंडात टाकून ते पार्सलाची पावती फाडायला वळले.

पुढे त्यांची मनमाडला बदली झाली, आणि काही वर्षांनी ते गेल्याचं त्या हमालाकडूनच कळलं. तोवर मी मांडवगण फराटा गावच्या शाळेत इतिहास शिकवायला लागले होते. आप्पांनी माझा जीव खाल्ला, हे मी आजही म्हणते. पण माझाच राग जास्त येतो. अथेन्सच्या पुढाऱ्यांची नावं मला अजून घडाघडा येतात. आप्पांच्या वडिलांचं नाव काय होतं, हे मी कधी विचारलंच नाही.