मामांच्या बटणाला बांधलेला पुठ्ठा

आमच्या गॅरेजवाल्या मामांसमोर थापा चालत नाहीत. डिझेल पिकअप आत घेतली की ते आधी ऑइलची पट्टी ओढतात, थेंब दोन बोटांत चोळतात आणि मालकाकडे असं बघतात, जणू त्याने गाडीला उपाशीच ठेवलंय. जुना फिल्टर तर कापून आतला काळा गाळ नाकासमोर धरतात. परवा माझ्याही धरला.

मी म्हटलं, "अहो, चालतेय की अजून!"

झालं, मामांचा पारा चढला. "चालतेय तोवरच आणायची असते! बंद पडल्यावर काय, लोक ओढून आणतात."

मग पुढचं ऑइल किती किलोमीटरला बदलायचं, ते पुठ्ठ्यावर लिहून त्यांनी तो सुतळीने स्टिअरिंगला बांधला. हा पुठ्ठा जो सोडेल, त्याच्या गाडीला मामा पुन्हा हात लावत नाहीत.

डबा घेऊन आलेल्या मामी दारातून सगळं ऐकत होत्या. चार पायऱ्या चढल्या की मामांना धाप लागते आणि तपासणीचं नाव काढलं की ते गाडीखाली सरकतात, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. मामींनी उरलेल्या पुठ्ठ्यावर लिहिलं, 'डॉक्टर, उद्या सकाळी दहा', आणि तो मामांच्या शर्टाच्या बटणाला बांधला.

"अगं, चालतंय की अजून!" मामा म्हणाले.

मामी माझ्याकडे वळल्या. "यांनी आत्ता तुम्हाला काय सांगितलं हो?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मामा पुटपुटले, "गाठ तरी नीट मार. सुटेल ती."