भागोजीचा धक्का

राजाराम सकपाळ म्हणून महाडात विचारलंत तर माणूस जरा घुटमळेल. राजू फोटोवाला म्हणा, लगेच एस.टी. स्टँडमागची गल्ली दाखवेल. राजू मूळचा जवळच्याच नाते गावचा. ब्याण्णव साली त्याने त्या गल्लीत गाळा घेतला तेव्हा त्याच्या कॅमेऱ्याच्या रोलमध्ये बारा फोटो असायचे. एका लग्नाला चार रोल, म्हणजे अठ्ठेचाळीस फोटो. त्यामुळे प्रत्येक खटक्याआधी तो श्वास रोखून उभा राहायचा. नवरीचा पदर नीट व्हायला वेळ द्यायचा, आजोबांना टोपी सरळ करायला सांगायचा. लोकांना ते आवडायचं.

पुढे डिजिटल आलं. राजूनेही तसा कॅमेरा घेतला. पण दोन हजार आठ सालापर्यंत महाड-पोलादपुरात गळ्यात डिजिटल अडकवलेली पाच-सहा पोरं तयार झाली होती. एका लग्नात हजार-हजार फोटो मारायची. आपण आणि ती पोरं एकाच मापात मोजले जातो, याचं राजूला फार वाईट वाटायचं.

त्याच्याबरोबर लाइट धरायला भागोजी ढेबे असायचा. पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरावर धनगरांची वस्ती आहे, तिथला. पन्नाशी ओलांडलेला, उंच, अबोल. सकाळी म्हशींचं दूध खालच्या गावात आबाजी मोऱ्यांच्या घरी घालायचा आणि लग्न असेल त्या दिवशी पहिली एस.टी. पकडून महाडला यायचा. गर्दीच्या डोक्यांवरून त्याचा हात आरामात जायचा. कुठे सावली पडते ते त्याला सांगावं लागत नसे. नऊ वर्षं तो राजूबरोबर होता. वयाचा मान म्हणून राजू त्याला काका म्हणायचा आणि खुशीत असला की लोकांना सांगायचा, "अर्धा फोटो मी काढतो, अर्धा भागोजीकाका."

त्या वर्षीच्या मे महिन्यात आबाजी मोऱ्यांच्या रेश्माचं लग्न ठरलं. आबाजी म्हणजे खोऱ्यातलं मोठं घर, भाताची जमीन, माणसांचा राबता. काम राजूकडेच आलं. या लग्नात असं काही करून दाखवायचं की ती पोरं बघत राहतील, असं त्याने मनाशी धरलं.

दादरला त्याचा एक ओळखीचा फोटोग्राफर होता, जाहिरातींचे फोटो काढणारा. त्याच्याकडे मीडियम फॉरमॅटचा डिजिटल कॅमेरा होता. नेहमीच्या कॅमेऱ्यात चित्र टिपणारी जी चिप असते, ती याच्यात दुपटीहून मोठी. भिंतीएवढा फोटो काढला तरी माणसाच्या भुवईचा केस न् केस मोजता यावा. राजूने तो दोन दिवसांसाठी भाड्याने मागितला. देताना दादरवाला म्हणाला, "हा उभ्या माणसाचा कॅमेरा आहे, राजू. पळत्या माणसाचा नाही. एक फोटो झाला की दुसऱ्याला वेळ घेतो. उजेड भरपूर हवा. सोबत तुझा नेहमीचा ठेवच."

राजूने मान डोलावली. येताना एस.टी.त ती पेटी मांडीवर घेऊन बसला, खाली ठेवली नाही. घरी बायकोला, मीनाला, अंगणात उभं करून चार फोटो काढले. कॉम्प्युटरवर मोठे करून बघितले तर तिच्या साडीच्या काठाची वीण दिसत होती. मीना म्हणाली, "माझ्या डोळ्याखालचं काळं पण दिसतंय की सगळं." राजूला हसू आलं. तेवढीच त्याची तालीम.

लग्नाच्या दिवशी सकाळी पेटी बाहेर काढली तेव्हा मांडवातली माणसं जमली. मुंबईहून आलेले चाकरमानी विचारू लागले, किती मेगापिक्सेल. राजू सांगत होता, सांगताना त्याचा आवाज जरा चढत होता. दहा वाजता त्याने आबाजींचं सगळं घर ओटीपुढे बसवलं. ऊन कौलांवरून उतरून समोर पांढऱ्या मातीवर पडलं होतं, त्याचा उजेड सगळ्यांच्या तोंडावर. भागोजीने लाइटची छत्री धरली. एकोणतीस माणसं आणि आबाजींची आई जानकीबाई मध्ये खुर्चीवर. तो फोटो राजूच्या उभ्या आयुष्यातला सर्वांत चांगला फोटो होता, हे पुढे सगळ्यांनीच मान्य केलं.

मुहूर्त दुपारी साडेबाराचा. वऱ्हाड खेडकडून यायचं होतं. साडेअकराला निरोप आला, कशेडी घाटात ट्रेलर आडवा झालाय, दोन्ही बाजूंनी गाड्या अडकल्यात. एक वाजला, तीन वाजले. भटजींनी पंचांग उघडून गोरज मुहूर्त काढला.

तेव्हा भागोजी राजूजवळ आला. हळूच म्हणाला, "राजूशेट, मांडवात सांजंला उजेड नसंल. दुकानातला आपला नेहमीचा कॅमेरा कुनाला तरी आनाय धाडू का? येळ हाय अजून."

राजूच्या आसपास तेव्हा चार-पाच पाहुणे उभे होते. त्यांच्यासमोर हे ऐकणं त्याला लागलं. तो म्हणाला, "काका, तुम्ही लाइट सांभाळा. कॅमेऱ्याचं मी बघतो."

भागोजी मागे सरला.

सूर्य डोंगराआड गेला आणि वऱ्हाड आलं. सगळी घाई. मांडवाला लाल कापड, पिवळे बल्ब, धूप, माणसांची रेटारेटी. मंगलाष्टकं सुरू झाली आणि राजूने कॅमेरा डोळ्याला लावला. लेन्स आत-बाहेर फिरत राहिली, फोकस धरेना. धरला तोवर क्षण गेलेला. अंतरपाट खाली आला, रेश्माने वर बघितलं, हार घातला. राजूने खटका दाबला, कॅमेऱ्याने तो फोटो आत घ्यायला आपला वेळ घेतला, आणि तेवढ्यात नवरदेवाचाही हार घालून झाला. मागच्या चिमुकल्या पडद्यावर सगळं बरं दिसत होतं. राजूने स्वतःची समजूत घातली की आलं असेल.

दुसऱ्या दिवशी दुकानात कॉम्प्युटरवर फोटो उघडले. अंतरपाटाच्या वेळी रेश्माच्या मागच्या खांबाची साल स्पष्ट, रेश्मा धुरकट. हाराच्या वेळी भटजींच्या हातातल्या अक्षता दाणा न् दाणा वेगळ्या, नवरा-नवरीची तोंडं पुसल्यासारखी. कन्यादानाचा एकही धड नाही. सगळ्या विधींतले मिळून सहा फोटो देण्यासारखे निघाले. कॅमेरा बिघडलेला नव्हता. तो कसा वापरायचा ते राजूला आलं नव्हतं, एवढंच.

आठवड्याने आबाजी आणि त्यांची बायको प्रयागबाई फोटो बघायला आले. आधी राजूने घरच्या माणसांचा तो मोठा फोटो दाखवला. प्रयागबाईंनी सासूच्या तोंडावरून बोट फिरवलं. मग आबाजी म्हणाले, "हां, आता लगीन दाखव."

राजूने ते सहा फोटो पुढे ठेवले. घाट अडला, मुहूर्त सरकला, उजेड गेला, हे सगळं खरं होतं आणि ते सांगितलं असतं तरी आबाजी ऐकून घेणारे होते. पण मग त्यांनी विचारलं असतं, तुझा नेहमीचा कॅमेरा कुठं होता? राजूच्या तोंडून भलतंच निघालं.

"ऐन मंगलाष्टकांत भागोजीकाकांचा पाय वायरीत अडकला. मला धक्का बसला. त्यातच गेलं सगळं."

आबाजींनी फोटो खाली ठेवले. प्रयागबाई एवढंच म्हणाल्या, "माझ्या हातावर तिचा हात ठेवला तो पन नाय?"

"नाही वहिनी."

ती दोघं गेल्यावर राजूने शटर अर्धं ओढलं आणि बराच वेळ आतच बसून राहिला.

पुढचं त्याला चार दिवसांनी कळलं. पोलादपूरच्या बाजारात चहाच्या टपरीपाशी आबाजींनी भागोजीला गाठलं होतं आणि पंधरा-वीस माणसांसमोर वाट्टेल ते बोलले होते. शेवटी म्हणाले, उद्यापासून दूध घालू नकोस. भागोजीने खाली मान घालून ऐकून घेतलं, असं सांगणारा म्हणाला.

त्यानंतर एका सकाळी भागोजी दुकानात आला. त्या दिवशी लग्न नव्हतं. राजूला वाटलं, आता हा जाब विचारणार. त्याने मनात उत्तरं जुळवायला घेतली. भागोजी बाकावर बसला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"आबाजी म्हनले, माझा धक्का लागला."

राजूने टेबलावर पडलेला कॅमेऱ्याचा पट्टा पुढे ओढला.

"मी लय आठवून बघितलं, राजूशेट. वायर माझ्या उजव्या अंगाला व्हती. मी हललो नाय असं मला वाटतंय. पन तुमी म्हनताय म्हंजी लागला असंल. लागला व्हता का?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. राजूने जुळवलेलं एकही उत्तर त्या प्रश्नाला लागू पडेना. त्या क्षणी खरं बोलायला एक शब्द पुरला असता. राजू टेबलावरचा पट्टा इकडून तिकडे सरकवत म्हणाला, "थोडासा लागला होता, काका."

भागोजीने मान हलवली. "मंग माझंच चुकलं. वय झालं. डोळ्याला पन सांजचं कमी दिसतंय. दुसऱ्याच्या पोरीचं लगीन पुन्हा नको बिघडाया. तुमी दुसरा मानूस बघा." टोपी घातली आणि गेला.

खोटं बोललो त्याची लाज राजूला आधीपासून होती, पण ती आबाजींपुढची लाज होती, आज ना उद्या विरली असती. ही वेगळी होती. एका धडधाकट माणसाला त्याने स्वतःच्या हातापायांवर संशय घ्यायला लावलं होतं. पावसाळाभर तो पासपोर्टचे फोटो काढत राहिला. समोर बसलेल्या माणसाला "हलू नका" म्हणताना त्याची जीभ अडखळायची. मीनाने विचारलं, भागोजी का येत नाहीत, तर म्हणाला, "म्हशींचं काम वाढलंय." तेही खोटंच.

गणपतीनंतर त्याने मीनाला खरं सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिने हातातली जुडी खाली ठेवली. म्हणाली, "मला काय सांगताय? डोंगरावर जा."

पावसाने पायवाट निसरडी होती. राजू वस्तीवर पोचला तेव्हा भागोजी गोठ्यात शेण भरत होता. हात धुऊन आला, बायकोला हाक मारली, "ठमा, ताक आन गो, राजूशेट आल्यात." ठमाबाईने तांब्या आणून दिला. राजूने तो हातातच धरला.

"काका, तुमचा धक्का लागला नव्हता. तुम्ही हललाच नाहीत. मला तो कॅमेरा जमला नाही. तुमच्यावर ढकललं मी."

ठमाबाई दारातच थांबली. भागोजी पायरीवर टेकला. मग म्हणाला, "मी दुकानात आल्तो, तवा इचारलं व्हतं तुमाला."

"हो."

"तवा का नाय सांगितलं?"

"लाज वाटली."

"चार म्हयनं मी दुधाची किटली उचलताना हात बघतोय माझा. हलतो का, हलतो का." त्याने दोन्ही हात पुढे धरून पाहिले आणि खाली सोडले. "आबाजी मला बाजारात बोलले, राजूशेट. चहाच्या टपरीवर. हितं येऊन सांगितलंत, बरं झालं. पन ती मानसं हितं नायत."

राजूला कळलं. पुढच्या बाजाराच्या दिवशी तो आधी आबाजींच्या घरी गेला आणि सगळं सांगून त्यांना टपरीपर्यंत घेऊन आला. भागोजीही आला होता, लांब उभा होता. टपरीवर माणसं दाटलेली. राजू उभा राहिला आणि म्हणाला, "रेश्माच्या लग्नाचे फोटो माझ्या चुकीने गेले. दुसरा कॅमेरा मागवा म्हणून भागोजीकाकांनी मला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. धक्क्याची गोष्ट मी रचली." त्या पोरांपैकी एक जण गळ्यात कॅमेरा घालून तिथेच होता, त्याने नजर दुसरीकडे वळवली. राजूला तेच सर्वांत जास्त बोचलं.

आबाजी भागोजीकडे चालत गेले. काय बोलले ते राजूला ऐकू आलं नाही. परत येऊन त्याला म्हणाले, "फोटू गेले त्याचं मी इसरलो असतो. पन तुझ्यापायी मी भल्या मानसाला नाय नाय ते बोललो. ते मी कसं इसरू?"

दूध दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. राजूची पोलादपूरकडची लग्नं मात्र बंद झाली. महाडातली थोडी राहिली, ती तो नेहमीच्या कॅमेऱ्याने करी. लाइटला माणूस ठेवला, पण त्याचं मन रमेना. भागोजीला परत बोलावण्याची हिंमत त्याला झाली नाही, आणि भागोजीही आला नाही.

पुढच्या वर्षी भागोजीच्या मुलीचं, मंजुळाचं, लग्न निघालं. पत्रिका द्यायला भागोजी स्वतः दुकानात आला. राजूने विचारलं, "काका, फोटो मी काढू? भेट म्हणून."

भागोजी म्हणाला, "फोटूवाला सांगून ठेवलाय. तुमी जेवाया या. वहिनींना घेऊन या."

राजू आणि मीना गेले. मांडव डोंगरउतारावर घातला होता. फोटो काढणारा बाजारातला तोच पोरगा होता. राजूला बघून अवघडला, म्हणाला, "दादा, तुम्ही?"

"पाहुणा म्हणून आलोय," राजू म्हणाला.

मंगलाष्टकांच्या वेळी तो मागे बायकांच्याही पलीकडे जाऊन उभा राहिला. हातांचं काय करावं ते त्याला कळत नव्हतं, म्हणून त्याने ते पाठीशी बांधले. मग पंगत बसली. भागोजी भाताचं पातेलं घेऊन वाढत येत होता. राजूपुढे आला तेव्हा वाकून त्याने दोनदा भात वाढला, वर आमटी घालायला दुसऱ्याला हाक मारली.

"बास, काका," राजू म्हणाला.

"जेवा," भागोजी म्हणाला आणि पुढच्या पानाकडे गेला.

मीनाने जेवताना एकदा राजूकडे पाहिलं. तो मान खाली घालून जेवत होता. पानातलं सगळं त्याने संपवलं.