पोटातला ठोका

दुखणेकाकांचा मूळ धंदा सुतारकीचा. डॉक्टरीच्या कॉलेजातले बाक, खिडक्या आणि तपासणीचे पलंग त्यांनी चाळीस वर्षं ठोकून सरळ केले. मग हात थरथर कापायला लागले आणि रंधा सुटला. निवृत्तीच्या दिवशी पोटाच्या सर्जन असलेल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना थांबवून विचारलं, "काका, मुलांना शिकायला तुमचं पोट द्याल का?"

"मेल्यावर?"

"छे हो! जिवंतपणी. पलंगावर आडवं व्हायचं आणि दुखतंय असं करायचं. काय दुखतंय ते मुलं ओळखतील."

सुरुवातीला काकांना हसूच आलं. पण त्यांना प्रत्येक दुखण्याचा एक कागद मिळाला आणि सुतार नकाशा वाचतो तसे त्यांनी ते कागद वाचून काढले. अपेंडिक्सचं दुखणं आधी बेंबीभोवती घुटमळतं, मग काही तासांनी उजवीकडे खाली ठाण मांडतं, आणि दाबण्यापेक्षा दाबलेला हात सोडताना जास्त कळ येते. पित्ताशयाचं दुखणं तेलकट खाल्ल्यावर उजव्या फासळ्यांखाली उठतं आणि खांद्याच्या पात्याकडे जातं. तिथे हात ठेवून श्वास घ्यायला सांगितलं की श्वास अर्ध्यातच अडकतो. मूतखडा कुशीतून जांघेत उतरतो आणि माणसाला एका कुशीवर राहू देत नाही. जठराला भोक पडलं की पोट फळीसारखं कडक होतं आणि माणूस हलायचं नावच घेत नाही. ही फळी काकांना फार छान जमायची. कॉलेजात सगळे त्यांना दुखणेकाका म्हणायला लागले ते तेव्हापासून.

स्वादुपिंडाचा कागद मात्र त्यांना वाचावा लागला नाही. त्यांची बायको त्याच दुखण्याने गेली होती. पुढे वाकून, उशी पोटाशी धरून ती म्हणायची, "पाठीत कुणी गिरमिट फिरवतंय हो." काका तसेच वाकायचे, तेच वाक्य म्हणायचे, आणि वर्गातली मुलं लिहायची थांबायची. एकदा ते घरी सराव करत असताना लेक स्वयंपाकघरातून धावत बाहेर आली. तिला आवाज आईचा वाटला होता. त्यानंतर बरेच दिवस ती वडिलांशी तुटक बोलत होती.

परीक्षेच्या दिवशी काकांकडे पित्ताशय होतं. आठ विद्यार्थी दाबून गेले. नववी होती जाड चष्म्याची, अबोल मुलगी. तिने फासळ्यांखाली हात ठेवला, काकांनी ठरल्याप्रमाणे श्वास अडकवला. तिने मान डोलावली. काम झालं होतं. पण तिचा हात निघाला नाही. तो सरकत बेंबीच्या थोडा वर आला, आणि मग दुसराही हात तिथे आला. दोन्ही हातांची बोटं समोरासमोर ठेवून ती उभी राहिली. काकांनी मान उचलून पाहिलं. तिची बोटं हळूहळू एकमेकांपासून दूर होत होती, जवळ येत होती, पुन्हा दूर होत होती. ती स्वतः बोटं हलवत नव्हती.

"काका," ती कुजबुजली, "हे तुमच्या कागदात आहे?"

परीक्षेत कागदाबाहेर बोलायचं नाही हा नियम होता. काका म्हणाले, "काल तळलेलं खाल्लं, तेव्हापासून दुखतंय बघा."

घंटा झाली. कोपऱ्यातल्या परीक्षकांना तिने काहीतरी सांगितलं. ते म्हणाले, "बारीक माणसाच्या पोटात मोठी धमनी हाताला लागतेच. पुढे चला."

दुपारी घरी आल्यावर काका खाटेवर उताणे झाले आणि चष्म्याची डबी त्यांनी पोटावर ठेवली. डबी उचलली गेली, खाली आली, पुन्हा उचलली गेली. त्यांनी श्वास रोखून धरला, तरी डबी हलतच होती. आत कुणीतरी बसून शांतपणे दार ठोठावतंय आणि त्याला कसलीही घाई नाही, असं त्यांना वाटलं. त्यांनी डबी काढून खाटेखाली ठेवली.

संध्याकाळी ते लेकीला म्हणाले, "पोटात काहीतरी ठोके देतंय गं."

"आता हे कुठलं नवीन आणलंत घरी?" ती कणीक मळता मळता म्हणाली. "बाबा, कॉलेजचं कॉलेजात ठेवा की."

त्यांनीही मग विषय वाढवला नाही. पण त्या दिवसापासून ठोका त्यांच्या सोबत राहायला आला. जेवताना ताटाशी वाकलं की तो लागायचा. पेपर पोटाशी धरला की कागदाची कड थरथरायची. वर्षानुवर्षं विड्या ओढल्या, त्याचं हे असेल, अशी ते स्वतःची समजूत घालायचे. पाचव्या दिवशी डाव्या कुशीत आणि पाठीत बारीक दुखू लागलं. त्यांनी आपले सगळे कागद मनात चाळले. हे दुखणं एकातही बसेना.

दहाव्या दिवशी वर्ग होता आणि त्यांच्या वाट्याला मूतखडा आला होता. वीसेक मुलं पलंगाभोवती उभी होती, आणि डॉक्टरीणबाई पाठमोऱ्या होऊन फळ्यावर लिहीत होत्या. काका नेहमीसारखे तळमळू लागले. तेवढ्यात पाठीत काहीतरी फाटल्यासारखं झालं. कपाळावर घाम डवरला, डोळ्यांपुढे अंधारी आली.

"घामसुद्धा आणला काकांनी!" कुणीतरी कौतुकाने म्हणालं. दोघातिघांनी वहीत लिहून घेतलं.

खरंच त्रास झाला तर म्हणायचे दोन शब्द ठरलेले होते: कागद संपला. काका ते म्हणाले. पण आवाज फुटलाच नाही, नुसते ओठ हलले. सगळे चेहरे त्यांच्याकडे वाकून बघत होते, शिकत होते. आपण मरतोय आणि हे लोक आपल्याला चांगले गुण देताहेत, हे काकांना स्वच्छ दिसत होतं.

चेहऱ्यांच्या मागून एक जाड चष्मा पुढे आला. मुलीने त्यांच्या ओठांकडे पाहिलं, पोटावर हात ठेवला आणि ती ओरडली, "बाई, हे खरं आहे! यांची धमनी फुटतेय!"

डॉक्टरीणबाईंच्या हातातला खडू खाली पडला. एकदाच हात लावून त्यांनी पलंगाच्या चाकांची खीळ स्वतः सोडली आणि पलंग ढकलत नेला. ऑपरेशनची खोली त्याच मजल्यावर होती म्हणून निभावलं. पोटातली मुख्य धमनी फुग्यासारखी फुगून गळायला लागली होती. तिथे कापडी नळी शिवायला साडेचार तास लागले. काका वाचतील असं त्या दिवशी कुणीच छातीठोकपणे सांगत नव्हतं. लेक बाहेरच्या बाकावर बसून होती आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती, "ते मला म्हणाले होते हो. मी ऐकलं नाही."

काका वाचले. तीन आठवड्यांनी ती मुलगी भेटायला आली आणि स्टुलावर अवघडून बसली.

"पोरी, तुझ्या परीक्षेचं काय झालं?"

"त्या पलंगाचे गुण गेले. हात चुकीच्या जागी ठेवला म्हणून. नंतर बाई वाढवून देत होत्या, मी नको म्हटलं."

"का गं?"

"मलाही खात्री नव्हती, काका. त्या दिवशी बाहेर आले तरी बोटं तशीच उडत होती. वाटलं, माझेच हात धडधडताहेत. म्हणून भिंतीला लावून पाहिले."

"मग?"

"भिंतही धडधडत होती. मग कुणाला काय सांगणार?"

तिच्या चेहऱ्यावरची भीती बघून काकांना हसू फुटलं, टाक्यांना ओढ बसली आणि ते कळवळले. नर्स धावत आली. आता हे दुखणं खरं की खोटं, असं तिने दारातूनच विचारलं.