पांढुर्ण्याच्या चौकातील सहा एक्कावन्न

२८ जानेवारी, मंगळवार, सकाळी सहा वाजून एक्कावन्न मिनिटे. पोलीस सेवेच्या सहा वर्षांत शेकडो तारखा आणि वेळा कागदावर उतरवल्या आणि विसरले. ही वेळ विसरता आलेली नाही, कारण तिच्याखाली माझी सही होती.

मी त्या वेळी मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्यात तांत्रिक शाखेची उपनिरीक्षक होते. भौतिकशास्त्राचे शिक्षण पूर्ण करून खात्यात आले आणि पुढे संशोधनासाठी खाते सोडले. ज्या प्रकरणाविषयी लिहीत आहे, त्यातील कोणाचेही नाव देणार नाही. त्यांची ओळख त्यांच्या कामातून पुरेशी होते.

त्या मंगळवारी साठीच्या एक बाई जामसांवलीला हनुमानाच्या दर्शनासाठी निघाल्या होत्या. घरातून बसथांब्याकडे जाणाऱ्या बोळात मागून मोटरसायकल आली आणि स्वाराने त्यांच्या गळ्यातील मंगळसूत्र ओढले. बाई पडल्या, मनगट मोडले. तशा अवस्थेतही त्यांनी लगेच सुनेला फोन केला. त्या फोनची नोंद सहा बावन्नची होती, त्यामुळे घटनेची वेळ निश्चित झाली. काळी मोटरसायकल, तोंडाला मफलर, अंगात तपकिरी जाकीट, एवढे त्यांनी स्पष्ट सांगितले.

बोळ ज्या चौकात उघडतो तिथे आमचा कॅमेरा होता. सहा एक्कावन्नला बोळातून एक काळी मोटरसायकल बाहेर पडताना दिसत होती. स्वाराच्या तोंडाला मफलर आणि अंगात जाकीट होते. पुढे-मागे चार मिनिटांत दुसरे वाहन नव्हते. चौकातल्या चहावाल्याला चित्र दाखवले तेव्हा तो म्हणाला, "हा तं आपला नळवाला होय. रोज इथूनच जाते." दुपारपर्यंत नगरपालिकेचा व्हॉल्वमन ठाण्यात आणून बसवला गेला. वॉर्डावॉर्डांत पाण्याचे व्हॉल्व उघडणे आणि बंद करणे हे त्याचे काम. वय पन्नासच्या आसपास. बावीस वर्षे रोजंदारीवर काम केल्यानंतर कायम करावयाच्या कर्मचाऱ्यांच्या यादीत त्याचे नाव नुकतेच आले होते. अटक झाली असती तर ते नाव यादीतून गेले असते, आणि त्याच्या वयाच्या माणसाचे नाव पुन्हा येत नाही.

चौकशीला मी हजर होते, कारण चित्रफीत दाखवायची होती. ठाण्याचे प्रभारी, ज्यांना सगळे टीआय साहेब म्हणत, मूळचे सौंसरचे. आवाज न चढवता विचारण्याची त्यांची पद्धत होती.

"हा तूच ना बे?"

"मीच हाओ साहेब. माई गाडी हाय, माया मफलर हाय. मी कुठं नाई म्हनून राहिलो?"

"मंग सहा एक्कावन्नले तू बोळीत काय करत होता?"

"त्या टायमाले मी बोळीत नव्हतो. पावणेसातले मी बुद्धविहाराजवळचा व्हॉल्व खोलतो. खोलला की अर्धा घंटा तिथंच उभा राह्यतो. वॉर्डातल्या बायाइले इचारा."

"तुया वॉर्डातल्या बायाइले?" टीआय साहेब हसले. "नळवाल्याच्या इरोधात कोन बोलन? दुसऱ्या दिवशी हंडा कोरडाच."

व्हॉल्वमनने पडद्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. "मॅडम, हे मशीन खोटं बोलून राहिलं असं मी नाई म्हनत. पन मी बी खोटं नाई बोलून राहिलो."

आरोपीने यंत्राला खोटे ठरवले की काम सोपे असते. या माणसाने तसे केले नाही, आणि म्हणून मी बेचैन झाले. तरीही त्या संध्याकाळी मी इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्रावर सही केली. यंत्र सुस्थितीत आहे आणि त्यातील वेळ अचूक आहे, असे त्या प्रमाणपत्रात लिहिलेले असते. दुसऱ्या दिवशी दुपारी अटक दाखवून त्याला दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करायचे ठरले. तोपर्यंत त्याला घरी पाठवून पुन्हा हजर राहण्याची नोटीस दिली.

सही करताना मला यंत्रातील वेळेचा संशय का आला नाही, याचे उत्तर नऊ दिवस मागे आहे. १९ जानेवारीला ठाण्यातील कॅमेरे सांभाळणारी प्रणाली मीच नव्याने बसवली होती. लिनक्सवर चालणारी जुनी आवृत्ती पाच वर्षांची झाली होती; रेकॉर्डिंग मध्येच तुटायचे. मी आधी डेटाबेसची प्रत काढली, तीस दिवसांचे जुने चित्रीकरण वेगळ्या डिस्कवर हलवले, मूळ प्रणाली अद्ययावत केली, नवी आवृत्ती चढवली आणि सर्व्हर पुन्हा सुरू केला. सोळाही कॅमेरे पहिल्या प्रयत्नात दिसू लागले. पोलीस अधीक्षकांनी प्रशंसापत्रासाठी माझे नाव पुढे पाठवले. त्या कामाचा मला अभिमान होता, आणि अभिमानाच्या जागी माणूस तपासणी कमी करतो.

बुधवारी सकाळी मी वॉर्डात गेले. नियमानुसार जबाब घ्यायचे होते, आणि मला त्या बायांना स्वतः ऐकायचे होते. नळ सुरू होता. त्या दिवशी दुसऱ्या माणसाने तो पावणेआठला सोडला होता आणि त्याबद्दल बराच राग होता.

"काल किती वाजता पाणी आलं होतं?" मी विचारले.

"पावणेसातले," एका बाईंनी हंडा उचलत सांगितले.

"नक्की?"

"माया पोराची शाळेची गाडी सात दहाले येते. पावणेसातले पानी, सातले आंघोळ, सात दहाले गाडी. पानी पाच मिनटं लेट झालं तं पोरगं बिना आंघोळीचं जाते. काल न्हाऊन गेलं."

शेजारच्या म्हाताऱ्या आजी म्हणाल्या, "त्या मानसानं काल माया नळाची तोटी टपकते म्हनून मले बोल लावले. चोरी करून आलेला मानूस असा तोटीसाठी भांडन का, बाई?"

दुसरी म्हणाली, "आजी, तुमची तोटी दोन सालापासून टपकून राहिली. भांडनच." सगळ्या हसल्या.

साक्षीदार आपसात ठरवून, पाठ करून आले की तपशील सारखे असतात. या बायांचे तपशील वेगवेगळे होते आणि वेळ एक होती. म्हणजे दोन परस्परविरोधी मोजमापे माझ्यासमोर होती, आणि त्यांपैकी एकाची तपासणी मी केलीच नव्हती.

ठाण्यात येऊन मी चित्रफीत पुन्हा लावली. पहिला प्रश्न मला इतक्या उशिरा सुचला याची आजही लाज वाटते. चित्र कृष्णधवल होते. आमचे कॅमेरे अंधारात कृष्णधवल चित्र देतात आणि पुरेसा उजेड झाला की आपोआप रंगीत होतात. त्या बाईंना जाकिटाचा तपकिरी रंग ओळखता आला, आणि कॅमेऱ्याला त्याच मिनिटाला रंग दिसत नव्हता. आमच्या तपासात त्या करड्या जाकिटाला तपकिरी रंग आम्हीच दिला होता.

मी चौकातील त्या एकाच कॅमेऱ्याच्या आधीच्या सतरा सकाळी काढल्या आणि चित्र रंगीत होण्याची वेळ वहीत लिहीत गेले. ११ जानेवारी, सहा बेचाळीस. १२, सहा त्रेचाळीस. धुके असेल त्या दिवशी एखादे मिनिट पुढे. १९ तारखेच्या सकाळपर्यंत हेच. २० जानेवारी, सहा त्रेपन्न. २१, सहा चोपन्न. आणि २८ जानेवारीला सहा त्रेपन्न. सूर्य एका रात्रीत अकरा मिनिटे उशिरा उगवत नाही. बदल यंत्रात झाला होता, आणि १९ तारखेला यंत्राला हात लावणारी व्यक्ती मी होते.

कारण शोधायला दहा मिनिटे लागली. सर्व्हरच्या आतली घड्याळाची छोटी बॅटरी संपलेली होती. बंद करून सुरू केल्यावर यंत्र कित्येक वर्षांपूर्वीची तारीख दाखवत होते, हे मला आठवत होते. वेळ मी हाताने टाकली होती. आमचे जाळे इंटरनेटपासून तोडलेले असल्याने यंत्र स्वतःहून वेळ दुरुस्त करू शकत नव्हते. सर्व्हरच्या खोलीत मोबाईल नेण्यास मनाई होती, म्हणून मी बाहेर बसलेल्या प्रधान आरक्षकांना, म्हणजे हवालदारांना, आवाज देऊन वेळ विचारली होती. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळात पाहून सांगितली होती.

मी त्या घड्याळाखाली मोबाईल घेऊन उभी राहिले. अकरा मिनिटे पुढे.

"दादा, हे घड्याळ पुढे आहे?"

प्रधान आरक्षकांना प्रश्नच कळेना. "हे तं पयल्यापासूनच समोर हाय मॅडम. पहाऱ्यावाले बदलीले लेट येत, म्हनून मागच्या साहेबानं समोर करून ठेवलं. ठाण्यात सगळ्याइलेच मालूम हाय. चहावाला बी पायते तं मनात अकरा वजा करते."

"मला माहीत नव्हतं."

"आता काय सांगू. तुमी तीन महिन्यापासून इथंच हा, मले वाटलं वजा करतच असान." मग त्यांचा चेहरा उतरला. "काय झालं मॅडम?"

काय झाले ते मी टीआय साहेबांना सांगितले. त्या वेळी साडेअकरा वाजले होते. हजर करण्याची वेळ दोनची होती. सहा एक्कावन्नला दिसणारा व्हॉल्वमन प्रत्यक्षात सहा चाळीसला चौकातून गेला होता आणि पाच मिनिटांनी आपल्या व्हॉल्ववर पोहोचला होता.

त्यांनी वही दोनदा वाचली. "हे मले पटलं. पन कोर्टात सूर्याले साक्षीले बोलावता का?"

प्रश्न रास्त होता. मला मानवी हाताने लिहिलेली, स्वतंत्र नोंद हवी होती. २४ जानेवारीला शहराचा वीजपुरवठा काही वेळ बंद झाला होता. खांबांवरचे कॅमेरे त्या क्षणी बंद पडतात, आणि ठाण्यात इन्व्हर्टरवर चालू राहणारी प्रणाली त्याची नोंद करते. मी वीज उपकेंद्रात गेले. तिथल्या ऑपरेटरने नोंदवही उघडून दिली: पुरवठा बंद, सोळा वाजून बावीस. आमच्या प्रणालीत: सोळा तेहतीस. जुन्या डिस्कवर ८ जानेवारीच्या बंदची नोंदही सापडली. तिथे दोन्ही वेळा तंतोतंत जुळत होत्या.

नोंदवहीची प्रमाणित प्रत घेऊन परतले तेव्हा एक वाजायला दहा मिनिटे होती. टीआय साहेबांनी प्रत पाहिली आणि विचारले, "म्हंजे चूक आपली?"

"माझी, सर. प्रमाणपत्रावर सही माझी आहे. मी ते मागे घेत असल्याचं लेखी देते."

"प्रशंसापत्र जाईन."

"हो."

त्यांनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. "लिहा मंग. आन् ते लिहायच्या आंधी एक काम करा. नळवाला सहा चाळीसले गेला, तं सहा एक्कावन्नले कोन गेलं, ते दाखवा मले."

आम्ही कोणीच कॅमेऱ्यातील सात वाजून दोन मिनिटे पाहिली नव्हती. मी चित्र तिथे नेले. पडदा रंगीत होता. बोळातून काळी मोटरसायकल भरधाव बाहेर आली, स्वाराच्या अंगात तपकिरी जाकीट, उजव्या हाताची मूठ मिटलेली. गाडीचा क्रमांक अर्धा दिसत होता. सावरगावकडच्या दुसऱ्या कॅमेऱ्याने उरलेला अर्धा दिला. गुरुवारी संध्याकाळी तो माणूस सापडला, आणि मंगळसूत्रही. त्या बाईंनी मफलरवर दिसलेल्या डोळ्यांवरून त्याला ओळखले आणि प्लास्टर घातलेल्या हाताने ओळखपरेडीत त्याच्याकडे बोट दाखवले.

व्हॉल्वमन बुधवारी दोन वाजता बायको आणि भावाला घेऊन, धुतलेला सदरा घालून आला होता. आपल्याला आता न्यायालयात नेतील अशी त्याची समजूत होती. टीआय साहेबांनी त्याला खुर्ची दिली आणि मला सांगायला सांगितले. मी चूक कशी झाली ते सगळे सांगितले. तो लक्षपूर्वक ऐकत होता.

"म्हंजे मशीन खोटं नव्हतं," तो म्हणाला.

"नव्हतं. त्याला चुकीचं मी सांगितलं होतं."

"मग ठीक हाय. मानसाची गलती मानसाले समजते." बायकोने त्याच्या पाठीवर हलकेच चापट मारली. "ठीक काय हाय? कालपासून जेवले नाई तुमी." मग ती माझ्याकडे वळली, "मॅडम, हे नगरपालिकेले बी लिहून द्या. तोंडी नको."

मी तिथेच बसून पत्र लिहिले आणि टीआय साहेबांच्या सहीने त्याच दिवशी पोहोचवले. मार्चमध्ये त्याला कायम केल्याचा आदेश निघाला. माझ्या सेवापुस्तिकेत प्रशंसापत्राऐवजी लेखी ताकीद आली. ती योग्य होती.

या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली. एका जागी बराच काळ राहिलेली माणसे तिथल्या चुका मनातल्या मनात दुरुस्त करून जगतात, आणि ती दुरुस्ती कुठेही लिहिलेली नसते. नव्याने आलेल्या माणसाने आणि नव्याने आणलेल्या यंत्राने ती आधी विचारून घ्यावी लागते. आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याचे म्हणणे हेही एक मोजमाप असते. ते आपल्या मोजमापाशी जुळले नाही, तर दोन्ही तपासावीत.

एप्रिलमध्ये सौंसर ठाण्याची प्रणाली नव्याने बसवण्याचे काम माझ्याकडेच आले. या वेळी उपग्रहाकडून वेळ घेणारे छोटे उपकरण सोबत नेले, बॅटरी बदलली, उपकेंद्राची नोंदवही आधी पाहिली. तिथल्या मुन्शींनी, म्हणजे ठाण्याच्या कारकुनांनी, चहा पुढे करत विचारले, "मॅडम, सगळं झालं ना? मंग अजून काय पाहून राहिल्या?" मी माझ्या कामाच्या वहीत शेवटची ओळ लिहीत होते. सर्व्हर आणि प्रमाणित वेळ यांतील फरक: ०.०३ सेकंद.