अध्यक्षबाईंचं वाक्य

वस्तीच्या संघटनेत मी इतिवृत्त लिहिते असं सांगितलं की भारतातली मंडळी कौतुकानं मान हलवतात आणि लगेच विषय बदलतात. त्यांची काही चूक नाही. आइंडहोवेनच्या एका साध्या वस्तीतली दहाबारा माणसं महिन्यातून एकदा बुर्टहाउसमध्ये, म्हणजे वस्तीच्या सामायिक सभागृहात जमतात, पातळ कॉफी पितात, प्रत्येकी एकच बिस्किट खातात आणि बाकडी, बसचा थांबा, म्हाताऱ्या माणसांची काळजी यावरून तासभर भांडतात. नवरा चिपच्या मशिनांवर काम करायला इथे आला आणि मी त्याच्या व्हिसाला जोडलेली म्हणून आले. कानावर फुकट डच पडेल या हिशेबानं बैठकांना जायला लागले, तेही सगळ्यात मागच्या खुर्चीवर. तिसऱ्या बैठकीत अध्यक्षबाईंनी माझ्या हातात वही दिली. "इथे बोलणारे भरपूर आहेत," त्या म्हणाल्या, "तू ऐकतेस. तू लिही."

बाई तेव्हाच ऐंशीच्या पुढे होत्या. उमेदीची वर्षं सिगारच्या कारखान्यात आणि कामगार संघटनेत गेलेली. लग्न केलं नव्हतं. मास्ट्रिख्टला एक धाकटी बहीण होती, तिचा दर रविवारी फोन यायचा. माझं पहिलं इतिवृत्त त्यांनी पेन्सिलीनं असं काही सोलून काढलं की घरी येऊन मी रडले. मी लिहिलं होतं, 'सर्वांनी सूचनेचं स्वागत केलं.' प्रत्यक्षात दोघं ओरडले होते आणि एक जण कोट उचलून निघून गेला होता.

"हे तू कुठल्या बैठकीबद्दल लिहिलंयस?" बाईंनी विचारलं. "मी त्या बैठकीला नव्हते वाटतं. हे बघ, जे बोललं गेलं तेच लिहायचं. आपला कागद इथून वस्ती-संघटनांच्या महासंघाकडे जातो, तिथून द हेगला सरकारकडे, कधीमधी ब्रसेल्सलाही. वाटेत जो तो त्यात थोडी साखर घालतो. निदान पहिल्या माणसानं तरी घालू नये."

मला राग आला होता. साखर काय, मी अशाच घरात वाढले. आमच्याकडे दिवा विझत नाही, शांत होतो. बांगडी फुटत नाही, वाढते. डब्यातलं कुंकू संपत नाही, तेही वाढतं. दारातून निघताना कोणी 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणते. वास्तू दिवसभर तथास्तु म्हणत असते, तेव्हा अभद्र बोलू नये, असं आईनं इतक्या वेळा बजावलं होतं की वाईट शब्द जिभेवर येण्याआधीच मी तो गिळते. आईचं हे वळण आणि बाईंची पेन्सिल यांच्यामध्ये मी चारेक वर्षं इतिवृत्तं लिहिली. बरी जमायलाही लागली होती.

करोनाच्या आधीच्या हिवाळ्यात बाई बाथरूममध्ये पडल्या आणि खुबा मोडला. घर सोडून त्यांना नर्सिंग होममध्ये, म्हणजे म्हाताऱ्या माणसांना कायमचं सांभाळणाऱ्या शुश्रूषागृहात जावं लागलं. अध्यक्षपद त्यांनी सोडलं नाही. महिन्याची विषयपत्रिका मी त्यांच्या खोलीत घेऊन जायचे, त्या पलंगावर बसून पेन्सिल चालवायच्या. मग वसंतात साथ आली आणि एका आठवड्यात देशातल्या सगळ्या नर्सिंग होम्सची दारं भेटायला येणाऱ्यांना बंद झाली. बाई तिसऱ्या मजल्यावर. खाली हिरवळीवर उभी राहून मी हात हलवायचे आणि वर एक पांढरं डोकं हलायचं. ते त्यांचंच होतं की शेजारच्या खोलीतल्या आजींचं, हे मला कधी नीट दिसलं नाही.

त्याच सुमारास महासंघाची मेल आली. ब्रसेल्समध्ये युरोपच्या पातळीवरचं एक सल्लागार मंडळ होतं. कामगारांचे, मालकांचे आणि आमच्यासारख्या संस्थांचे प्रतिनिधी त्यात बसायचे आणि सरकारांनी काय करावं यावर मत द्यायचे. साथीत म्हाताऱ्या माणसांसाठी जे नियम झाले, त्यांच्याबद्दल त्या मंडळाला खुद्द माणसांचं म्हणणं हवं होतं. प्रत्येक संघटनेनं एक पान पाठवायचं. मी बाईंना फोन केला. त्यांचा आवाज कित्येक दिवसांनी ताठ लागला.

"लिहून घे," त्या म्हणाल्या आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगायला लागल्या. "मी इथे मरणार आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही, माझं वय झालंय. पण मरताना माझी बहीण माझ्याजवळ असेल की नाही, हे मला न विचारता ठरवलं गेलं. मला विचारायला हवं होतं. झालं?"

"झालं."

"वाचून दाखव."

मी वहीतून वाचून दाखवलं. शब्द न् शब्द बरोबर होता. "हे वाक्य तिथे कोणीतरी मोठ्यानं वाचायला हवं," त्या म्हणाल्या. "नियम बरा की वाईट, ते त्यांनी बघावं. मला एवढंच हवंय."

दुसऱ्या दिवशी मी टाइप करायला बसले आणि 'मरणार' या शब्दापाशी बोटं थांबली. तिकडे साताऱ्यात माझी आई एकटी होती. मी तिची एकुलती एक. विमानं बंद, तिची कामवाली बंद, खालच्या किराणावाल्यानं पिशवी दाराला अडकवून जायचं आणि तिनं तो गेल्यावर दार उघडायचं. रोज फोनवर ती म्हणायची, "मी मजेत आहे गं," आणि मी म्हणायचे, "आम्हीपण मजेत." दोघीही खोटं बोलत होतो आणि दोघींनाही ते ठाऊक होतं. एका जिवंत बाईबद्दल, तिच्या नावासकट, 'इथे मरणार' असं माझ्या हातानं लिहायचं? तो शब्द कागदावर उतरला की साताऱ्यापर्यंत पोचेल असं मला खरोखर वाटलं. शिकलीसवरलेली बाई मी, पण वाटलं ते वाटलं.

म्हणून मी लिहिलं, 'नियम ठरवताना रहिवाशांशी सल्लामसलत व्हावी आणि कुटुंबीयांशी त्यांचा संपर्क राहावा, अशी अपेक्षा व्यक्त झाली.' नवऱ्यानं खांद्यावरून वाचलं. "वा, एकदम प्रोफेशनल झालंय," म्हणाला. ऑनलाइन बैठकीत कोणी हरकत घेतली नाही. बाईंना झूम जमत नव्हतं, त्यामुळे त्या नव्हत्याच. ते पान इतिवृत्ताला जोडून मंजूर झालं आणि रवाना झालं.

जूनच्या शेवटी एकेकाला भेटू द्यायला लागले. बागेत टेबल, मध्ये प्लॅस्टिकची काच, वेळ अर्धा तास. बाई निम्म्या झाल्या होत्या. मी महासंघानं एकत्र केलेला अहवाल छापून नेला होता, त्यांना बरं वाटावं म्हणून. त्यांनी भिंग काढलं आणि आमचं पान वाचलं. मग पुन्हा वरून वाचलं.

"माझं वाक्य कुठाय?"

"आहे ना. चौथ्या परिच्छेदात. सल्लामसलत व्हावी, असं..."

"हे तर कोणीही म्हणेल. नियम करणारेसुद्धा म्हणतील." त्यांनी भिंग मिटलं. "माझं वाक्य तू का काढलंस?"

मी खरं ते सांगितलं. आमच्याकडे असं बोलत नाहीत, मला भीती वाटली, माझी आई तिकडे एकटी आहे. माझ्या मोडक्या डचमध्ये ते फारच बावळट वाटत होतं. बाई रागावतील असं मला वाटलं होतं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"म्हणजे तूसुद्धा मला न विचारताच ठरवलंस," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "पुढच्या बैठकीत दुरुस्ती कर." तेवढ्यात नर्स त्यांना आत न्यायला आली.

इथे प्रत्येक बैठकीचा पहिला विषय ठरलेला असतो: मागची इतिवृत्तं, काही दुरुस्ती? उन्हाळ्यात बैठका नव्हत्या. सप्टेंबरच्या बैठकीत तो प्रश्न आला आणि मी शेपूट घातलं. स्वतःची चूक सगळ्यांपुढे वाचून दाखवायची लाज वाटली. अहवाल तर गेलाच आहे, आता काय उपयोग, अशी मी स्वतःची समजूत घातली. ऑक्टोबरमध्ये करू म्हटलं.

ऑक्टोबरमध्ये बाईंच्या मजल्यावर साथ शिरली आणि तो मजला बंद झाला. तीन दिवसांत बाई गेल्या. शेवटी बहिणीला बोलावणं गेलं होतं, तेवढी सवलत होती. पण ती मास्ट्रिख्टच्या स्टेशनवर गाडीची वाट बघत उभी होती तेव्हाच दुसरा फोन आला. नर्स जवळ होती म्हणे, हातमोजे घातलेल्या हातात हात धरून. बहिणीनं मला हे फोनवर सांगितलं आणि विचारलं, "तिनं माझ्याबद्दल काही लिहून दिलं होतं ना? मला म्हणाली होती. वाचायला मिळेल का?"

वही शोधली. ते पान मी हातानं उतरवून तिला पोस्टानं पाठवलं.

नोव्हेंबरच्या ऑनलाइन बैठकीत नव्या अध्यक्षांनी विचारलं, "मागच्या इतिवृत्तांत काही दुरुस्ती?" कोणी कधीच काही बोलत नाही, म्हणून ते पुढच्या विषयाकडे वळतही होते. मी माइक चालू केला. एप्रिलच्या जोडपानात मी एक वाक्य बदललं होतं असं सांगितलं आणि वहीतून मूळ वाक्य वाचलं, 'मरणार'सकट. कोणाच्या तरी घरी कुत्रं भुंकत होतं. अध्यक्ष म्हणाले, "नोंद घ्या." नोंद घेणारी मीच होते. दुरुस्ती महासंघाला कळवली, त्यांचं दोन ओळींचं उत्तर आलं. ब्रसेल्समध्ये ते वाक्य कोणी वाचलं नाही. बाईंना एवढंच हवं होतं आणि तेवढंच माझ्यामुळे राहिलं.

बैठक संपल्यावर मी जॅकेट चढवून मागच्या अंगणात गेले आणि आईला फोन लावला. तिचं जेवण झालं होतं, ती औषधाच्या गोळ्या शोधत होती. मी म्हटलं, "आई, एक विचारू? तुझ्या शेवटच्या वेळी जवळ कोण असावं असं वाटतं तुला?"

"काय हे अभद्र!" आई म्हणाली. "शुभ बोलावं माणसानं."

मी फोन ठेवला नाही. गोळ्यांचा डबा उघडल्याचा आवाज आला, मग मिटल्याचा.

"तू," आई म्हणाली. "पण तुला जमणार नाही, ते ठाऊक आहे मला. तू विचारलंस, बास."

आत येऊन मी ते वहीत लिहून ठेवलं. तिचे शब्द तिनं म्हटले तसेच.