शॅम्पेनचे पाच सारखे वाटे

माझा मेव्हणा परदेशी प्रवासी जहाजावर वाढप्याचं काम करायचा. ऐंशीनंतर आम्ही वाशीच्या दोन खोल्यांच्या घरात राहायला आलो, तेव्हा सुट्टीवर येताना त्याने फ्रान्सची शॅम्पेन आणली. तीन वर्षं तो ती परक्यांच्या ग्लासात ओतत आला होता. एकदा आपल्या बहिणीने तिची चव घ्यावी, एवढीच त्याची इच्छा. ती उघडायचं ठरलं सुट्टीच्या शेवटच्या संध्याकाळी; दुसऱ्या दिवशी त्याला बोट गाठायची होती.

समोरच्या घरातलं जोडपं बोलावलं. माणसं पाच, बाटली साडेसातशे मिलिलिटरची, म्हणजे माणशी दीडशे. घरात आकडे छापलेलं एकच भांडं होतं, धाकट्याची दुधाची बाटली. ती मी उकळून घेतली.

मेव्हण्याने बूच जपून काढलं, तरी थोडी टेबलावर सांडली. ती तूट मी माझ्या वाट्यात धरली. दुधाच्या बाटलीत ओतली तर फेस थेट दोनशेच्या वर आणि खाली शॅम्पेन जेमतेम बोटभर. म्हणून फेस बसू द्यायचा, मग पुन्हा ओतायची, असं सुरू केलं.

"भाऊजी, लोक त्या फेसाचेच पैसे मोजतात," मेव्हणा म्हणाला.

"फेस धरला तर कुणाला तरी कमी जाईल," मी म्हणालो.

आधी बुडबुडे बघायचे, मग वास घ्यायचा, मग घोट जिभेवर खेळवायचा, असं तो पाहुण्यांना समजावत होता. शेजाऱ्यांनी ग्लास ट्यूबलाइटसमोर धरून बुडबुडे शोधले. सापडले नाहीत. घोट घेऊन ते म्हणाले, पोटाला बरी असावी. सोडा गेलेल्या लिंबूपाण्याला याहून चांगलं काय म्हणणार! मेव्हण्याचा वाटाही तसाच निवला. तो ग्लासाला हात न लावता बहिणीकडे बघत बसला.

चौथा वाटा हिचा. फेस वर आला आणि हिने माझ्या हातातून दुधाची बाटली काढून घेऊन सरळ तोंडाला लावली. नाकाला फेस, डोळ्यांत पाणी.

"चावतेय रे," ती भावाला म्हणाली.

"चावायलाच पाहिजे, ताई."

तेव्हा कुठे त्याने आपला ग्लास उचलला.

हिने मग न मोजता, फेसासकट आणखी ओतून घेतली. उरलेली माझी. ती नव्वद भरली, म्हणजे साठची तूट. त्यातली सांडलेली किती आणि हिने जास्त घेतलेली किती, ते अजून वेगळं काढता आलेलं नाही. हिला अधूनमधून विचारतो. ती म्हणते, सांडलीच फार होती.